माप फोनवर घेतलं

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला पिशवी म्हणजे डाव्या हातचा मळ वाटतो. कटोरी, प्रिन्सेस कट, गळ्याला पायपिंग हे सगळं ज्या हातांनी काढलं, त्यांना चार कोपऱ्यांच्या पिशवीचं काय ओझं? रोह्यात आमच्या आळीत माझं ‘उषा’चं पायमशीन बरीच वर्षं चाललंय. गौरीच्या साड्यांचे फॉल-पिको, शाळा उघडायच्या तोंडावर गणवेश, लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग. पिशव्याही शिवल्यात, पण त्या भाजीच्या, नाहीतर ओटीसाठी वाटायच्या बटव्यासारख्या. चेन लावलेली, आत कप्पे असलेली, सामानाची पिशवी कधी शिवली नव्हती. शिवली नव्हती म्हणून येत नसेल, असं मात्र मनातसुद्धा आलं नाही.

माझी भाची पेणजवळ हमरापूरला दिलेली. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. पेणच्या मूर्तिकामाचं नाव शाडूच्या मातीनं आणि डोळ्यांच्या आखणीनं झालं. पण गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकाला खड्यांचा मुकुट, खऱ्या कापडाचं धोतर, डोक्याला बांधलेला फेटा असं सगळं हवं असतं, आणि हे काम बहुतेक बायकांच्या हातात आलंय. माझी भाची खडे लावते, लेस चिकटवते, धोतर नेसवते. तिच्या सामानात बारीक-जाड ब्रश, फेविकॉलची बाटली, छोटी कात्री, लेसच्या गुंडाळ्या आणि रंगीत खड्यांच्या पुड्या. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं असायचं. पुडी फाटली की हिरवे खडे लाल खड्यांत.

2025चं वर्ष त्या पट्ट्याला विचित्र गेलं. जानेवारीच्या शेवटी न्यायालयानं पीओपीच्या मूर्तींवरची बंदी कडक पाळायला सांगितली, आणि जूनच्या 9 तारखेला मूर्ती घडवायला आणि विकायला पुन्हा मोकळीक मिळाली. चतुर्थी होती 27 ऑगस्टला. त्यामुळे वर्षभर पसरून होणारं काम शेवटच्या अडीच महिन्यांत सगळ्यांच्या अंगावर आलं. त्याच धांदलीत भाचीचा फोन आला, “मामी, मला सामानाला चेनवाली पिशवी शिवून दे ना. सगळं वेगवेगळं राहील अशी. खडे शोधण्यातच माझा वेळ जातो.”

मी म्हटलं, माप सांग.

ती म्हणाली, “ब्रश वीतभर. थोडा जास्तच असेल. फेविकॉलची मधली बाटली. कात्री लहान. बाकी तुला कळेलच.”

मला कळलं, असं मीच ठरवलं. माझी वीत मोजली, 20 सेंटिमीटर भरली. ‘थोडा जास्त’ला दोन धरले आणि पिशवीची उंची 22 ठरवली. रुंदी 18. वहीसारखी उघडणारी, तीन बाजूंनी चेन फिरणारी, आत दोन पानांवर कप्पे. दुसऱ्याच्या ब्लाउजला मी छाती, कंबर, मुंढा, बाही स्वतः टेप लावून घेते. फोनवर दिलेलं माप घ्यायचं नाही, हा माझा दुकानाचा नियम. पिशवीला तो लावावा असं सुचलंच नाही. पिशवीला कुठे अंग असतं!

पिशवीलाही अंग असतं, हे पहिल्या कप्प्यानं शिकवलं. बाटलीसाठी मी 6 सेंटिमीटर रुंदीचा कप्पा सपाट शिवला. बाटली 5 सेंटिमीटर रुंद, म्हणजे मला वाटलं ऐसपैस झालं. पण बाटली गोल. तिचा घेर जवळजवळ 16 सेंटिमीटर, आणि माझ्या कप्प्याची पुढची-मागची बाजू मिळून 12. घरातली तशीच बाटली घालून पाहिली तर ती तोंडाशीच अडकली. ब्लाउजला जिथे गोलाई तिथे टक्स घालायचे, हे मला झोपेतही येतं. इथे सपाट कापड सपाटावर शिवलं आणि आत गोल वस्तू बसेल म्हणून वाट बघितली. कप्प्याच्या तळाला दोन्हीकडून एकेक चुण घातली असती की काम झालं असतं. तेव्हा ते न करता मी काय केलं, तर मनाशी म्हटलं, तिला लहान बाटली घ्यायला सांगू.

कापडाचं तर बोलूच नये. तिचं काम रंगाचं, गोंदाचं, भुकटीचं. मी घेतला खण. बाजारात सगळीकडे खणाच्या पर्स, खणाचे फोल्डर दिसतात, आपणही दाखवू या हौसेनं. दुकानदारानं गुळेदगुड्डचा म्हणून दिला, मी गुळेदगुड्डचा म्हणून घेतला. खण दिसतो देखणा, पण कापला की कडेनं सूत सुटत राहतं. शिलाईसाठी सोडलेल्या एका सेंटिमीटरपैकी निम्मं कापड मशीनखाली जाईपर्यंत झालरीसारखं झालेलं. कापल्याबरोबर कडेला पिको फिरवायला हवा होता. पिको मशीन हाताच्या अंतरावर, पण ‘अस्तरात झाकलं जाईल’ हे आमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य. त्याहून मोठी चूक म्हणजे खण आणि अस्तराचं सुती कापड दोन्ही कोरंच वापरलं. ब्लाउजचं अस्तर मी कधीही न भिजवता कापत नाही. गिऱ्हाईक ओरडतं ना! पिशवी कोण धुणार आहे, असं वाटलं.

चेन मात्र मी चांगली घेतली, नायलॉनची, 5 नंबरची. चेनचा नंबर म्हणजे साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. 3 नंबर ड्रेसला, 5 पिशवीला. ती मीटरवर मिळते आणि रनर सुटे मिळतात. तयार चेनला टोकाशी अडसर असतो, रनर बाहेर जात नाही. मीटरवरच्या चेनला अडसर आपणच करायचा, टोकाला आडवी शिलाई मारून. चेन तीन बाजूंनी लावली. कोपऱ्यावर वळताना तिच्या पट्टीला कात्रीनं बारीक काप द्यावे लागतात, तेही मला मागाहून कळलं. मी ओढून वळवली. मग जास्तीचं टोक लोंबत होतं ते कचकन कापलं, चेन मिटते का बघायला रनर ओढला, आणि रनर माझ्या हातात. पिशवी खाली, रनर वर, मधे काही नाही.

रनर परत चढवणं ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रनरच्या आत एका बाजूला दोन तोंडं असतात आणि दुसऱ्या बाजूला एक. दोन तोंडांतून चेनच्या दोन्ही पट्ट्या जातात, आत दात एकमेकांत बसतात आणि एका तोंडातून मिटलेली चेन बाहेर येते. गिडियन संडबॅक नावाच्या स्वीडनमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरनं 1913 मध्ये अमेरिकेत ही रचना बसवली, 1917 मध्ये पेटंट मिळालं, आणि तेव्हापासून जगभर बायका रात्रीच्या दिव्याखाली रनर चढवत बसल्या असाव्यात. एक पट्टी जाते तर दुसरी निसटते. दोन्ही गेल्या तर एक दात मागे-पुढे, मग चेन तिरकी मिटते आणि शेवटी एका बाजूला फुगा उरतो. मी चिमट्यानं, सुईनं, दातानंही करून पाहिलं.

शेवटी बाजारातल्या मास्तरांकडे गेले. हे मास्तर पूर्वी बॅगा दुरुस्त करायचे, आता फक्त पँटच्या चेन बदलतात. त्यांनी पिशवी उलटसुलट केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, घरात जेवायचा काटा आहे का?”

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी गल्ल्याखालून स्टीलचा काटा काढला, दांडा मांडीखाली दाबून दाते वर उभे धरले आणि मधल्या दात्यांवर रनर अडकवला, दोन तोंडं आपल्याकडे. मग चेनच्या दोन्ही पट्ट्या दोन हातांत सारख्या धरून एकदम आत ढकलल्या. काटा रनरला हलू देत नाही, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांना मोकळे. खळकन आवाज आला आणि चेन मिटली. पैसे विचारले तर म्हणाले, “काट्याचे कसले पैसे?” वर सांगितलं, टोक कापायच्या आधी दोन्ही बाजूंना आडव्या शिलाया मारून घ्या, मग हवं तेवढं कापा. ब्लाउजची डोरी ओवायच्या आधी टोकाला गाठ मारतो तसंच हे. मला यायला हवं होतं.

घरी येऊन अस्तर जोडलं. अस्तर जोडताना चेन पूर्ण मिटलेली ठेवली, हे पिशवी सरळ करायच्या वेळी लक्षात आलं. आत-बाहेर करायला वाटच नाही. रनर आत अडकलेला, बाहेरून बोट जात नाही. अस्तराची एक बाजू उसवली. यावर जास्त लिहीत नाही, पहिली चेन लावणाऱ्या प्रत्येकीचं हे होतं म्हणतात.

किनारीला उरेब पट्टी लावताना सुया मोडल्या. एका कोपऱ्यावर खण दोनपदरी, फोम, अस्तर, चेनची पट्टी आणि वर उरेब पट्टी, एवढं सगळं एकत्र. मशीनला 14 नंबरची सुई, ब्लाउजची. तिथे 16 किंवा 18 लागते. आणि फूट जाड जागेवर चढताना मागे टेकू मिळत नाही, तोंड वर करतो, टाके एकावर एक साचतात. अशा वेळी फूटच्या मागे पुठ्ठ्याची घडी सरकवायची, फूट सपाट राहतो आणि सुई सरळ उतरते. पुठ्ठ्याची युक्ती मला माहीत होती, जीन्स आखूड करताना मीच वापरते. इथे फक्त हातानं चाक फिरवत, कापड ओढत राहिले. ओढलं की सुई वाकते आणि पट्टीवर आपटते. मोडलेला तुकडा सापडेपर्यंत नातवाला खोलीत येऊ दिलं नाही.

एवढं होऊनही पिशवी झाली आणि लांबून छान दिसली. रोह्याहून मेमूनं निडी, नागोठणे, कासू करत पेण गाठलं आणि तिथून रिक्षा. कारखान्यात बायकांनी पिशवी हातोहात फिरवली. खण बघून ‘किती गोड’ म्हणाल्या. भाचीनं चेन दोनदा उघडून मिटली. मी फुगले. चहा घेतला, घाईत होते, पाऊस वाढायच्या आत परतले. ब्रश घालून बघ, बाटली घालून बघ, असं मी तिला म्हटलं नाही. आत कुठेतरी मला उत्तर माहीत असावं.

पुन्हा गेले ते तिच्या सासूबाईंना बघायला. जाता जाता कारखान्यात डोकावले. माझी पिशवी खांबाच्या खिळ्याला टांगलेली. आत मोबाइलचा चार्जर, सुटे पैसे आणि रिक्षावाल्याची चिठ्ठी. खाली भाची गोणपाटावर बसलेली आणि तिच्या उजव्या गुडघ्याशी श्रीखंडाचा रिकामा डबा.

वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण घाई नव्हती म्हणून तिच्या शेजारी बसले, आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा झालं. मूर्ती पाटावर. तिचा डावा हात मूर्तीच्या पाठीला, ती हलू नये म्हणून. उजव्या हातात काडी, टोकाला मेणाचा ठिपका. काडी खाली डब्याकडे जाते, बाटलीच्या झाकणात ओतलेल्या खड्यांवर टेकते, एक खडा चिकटतो, काडी वर येते, मुकुटावरच्या गोंदाच्या थेंबावर खडा बसतो. या सगळ्यात तिची नजर मुकुटावरून हलत नाही. हात आपोआप खाली जातो आणि झाकण तिथेच असतं. माझ्या पिशवीत खडा काढायचा तर आधी चेन, मग कप्पा, मग पुडी, आणि चेनला दोन हात लागतात. एक हात तर मूर्तीला धरलेला.

मी म्हटलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू एवढी हौसेनं शिवलीस, मामी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा रंगाचा ब्रश चांगला 25 सेंटिमीटर. तो पिशवीत तिरपा बसायचा आणि केस चेनला दाबले जायचे. केस एकदा मुडपले की तो ब्रश डोळ्याच्या कामाचा राहत नाही. ओला ब्रश अस्तराच्या बंद कप्प्यात ठेवला, जुलैचा पाऊस, फोममध्ये ओल राहिली आणि अस्तरावर काळे ठिपके आले. म्हणून तिनं पिशवी धुतली. धुतल्यावर चेनला लाटा आल्या. ते मी हातात घेतल्याबरोबर ओळखलं. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं, चेनची पट्टी पॉलिस्टरची, ती आटत नाही. तीन बाजू मिळून 58 सेंटिमीटर चेन. कापड दोन सेंटिमीटर मागे गेलं की तेवढी चेन कुठेतरी जिरावी लागते, आणि ती लाटा काढून जिरते. लाटेवर रनर अडतो, जोर लावला की मागचे दात उघडतात. त्यात पीओपीची भुकटी दातांत बसलेली. आणि अस्तर मी मरून घेतलं होतं, मळखाऊ म्हणून. मरून कापडावर लाल खडा पडला की डोळे फोडून शोधावा लागतो, हे तिनं हसत सांगितलं.

दुसरी पिशवी मी तिथल्या तिथे मोजली, टेप तिच्याच खोक्यातला. ब्रश मोजला, बाटलीला टेप गुंडाळून घेर घेतला, कात्रीची जाडीसुद्धा. ती बसते तिथून तिचा हात किती लांब जातो तेही बघितलं. कॅनव्हास घेतला, रात्रभर भिजवला, वाळवून इस्त्री केली, मग कात्री लावली. अस्तर फिकट पिवळं. फोम नाही. ब्रशला मच्छरदाणीच्या जाळीचा उभा कप्पा, वरून उघडा, वारा लागेल असा. वहीचा आकार सोडला आणि तळ असलेली, डब्यासारखी उभी राहणारी पिशवी केली. तोंडाच्या पट्टीत खोक्यांना बांधून येते ती प्लॅस्टिकची पॅकिंगपट्टी घातली, म्हणजे चेन उघडली की तोंड आ वासून राहतं आणि हात न बघता आत जातो. चेन फक्त ने-आण करण्यापुरती.

तीही पहिल्या फटक्यात जमली असं नाही. तळ 8 सेंटिमीटर रुंद हवा होता म्हणून खालच्या कोपऱ्यांतून 8 सेंटिमीटरचे चौकोन कापले. कोपरा उघडून आडवी शिलाई मारल्यावर तो तळ दुप्पट होतो, 16. कापायचे होते 4चे. समोर उभं राहिलं ते पिशवी कमी आणि टोपली जास्त. कॅनव्हास वाया गेला, पुन्हा आणला, पुन्हा भिजवला.

ती पिशवी गोपाळकाल्याच्या सुमारास हमरापूरला पोचली आणि चतुर्थीपर्यंत तिच्या गुडघ्याशी होती. श्रीखंडाचा डबा अजूनही आहे, पिशवीच्या आत. खडे तिला त्यातच हवेत, कारण तो पुसला की लख्ख होतो. मी त्याच्या मापाची जागा सोडली आहे. खणाची पिशवी तिनं मला परत दिली नाही, चार्जर अजून तिच्यातच आहे.

आता तिथल्या इतर बायकांनीही मागितल्यात. कॅनव्हास, चेन, रनर, अस्तर आणि शिलाई धरून पैसे घेते, ओळखीचं म्हणून फुकट नाही, कारण एकेका पिशवीत दिवस जातो. दिवाळीचे ब्लाउज संपले की शिवायला घेईन. ज्यांना हवी असेल त्यांनी आपले ब्रश, बाटल्या आणि डबे घेऊन रोह्याला यावं, नाहीतर कामावर बसलेल्या असाल तेव्हा मला बोलवावं. फोनवर माप घेणार नाही.